मोरस

आमची आजी साखरेला मोरस म्हणते. गुळाला गूळ, खडीसाखरेला खडीसाखर. पण दुकानातून येणारी पांढरी साखर ती मोरस. लहानपणी एकदा वाण्याकडे जाऊन मी "अर्धा किलो मोरस द्या" म्हटले, तेव्हा तिथे उभी असलेली सगळी माणसे हसली होती. त्या दिवसापासून तो शब्द मी घराबाहेर काढला नाही. आजीचे असे पुष्कळ शब्द आहेत. ते गावाकडचे म्हणून आपण सोडून देतो, आणि कॉलेजात जायला लागल्यावर तर जरा जास्तच सोडून देतो.

यंदा पावसाळ्यात इतिहासाच्या तासाला सर गिरमिटियांविषयी शिकवत होते. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि मॉरिशसमधल्या उसाच्या मळ्यांना माणसे कमी पडू लागली. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण काही मुंबई बंदरातूनही. त्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले लोक होते. सर बोलता बोलता म्हणाले, "आपल्याकडे त्या बेटाला मोरस म्हणत. तिथून येणारी ती मोरस साखर."

मी वहीतून मान वर केली. वर्गात कोणी हसले नाही.

त्या रात्री आजीला विचारले. आजी म्हणाली, "म्हायत हाय मला. माज्या पणज्याचा भाव मोरसला गेलेला. तो आलाच नाय." एवढेच. त्याचे नाव तिला ठाऊक नाही. तो भावाशी भांडून गेला, असे तिच्या माहेरी सांगत. तो देवाला सोडलेल्या पैशांतून काही घेऊन पळाला, असेही कोणी सांगत. त्याच्या नावाने पितृपक्षात एक पान वाढायचे, पण नाव घ्यायचे नाही अशी रीत होती आणि ती आजीच्या आईबरोबर संपली. या गोष्टीला कागदाचा पुरावा काहीच नाही. पण मला झोप लागली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. रेल्वेने गावाला जाणे हाच आमचा सर्वांत लांबचा प्रवास. आणि दीडशे वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण समुद्र ओलांडून गेला होता म्हणे!

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठले. सरांनी सांगितले की तिकडे मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. तिथे मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण असे लिहिलेले असे. पुढे पुढे फोटोही काढू लागले. करार संपलेल्या जुन्या मजुरावरसुद्धा १८६७ च्या कायद्याने सक्ती झाली की फोटो लावलेले तिकीट सदैव जवळ हवे. ते नसले तर भटक्या म्हणून धरून नेत. म्हणजे माणूस मोकळा, पण तिकिटाशिवाय रस्त्यावरून चालायची चोरी. जिथे ते उतरत त्या जागेला 'कुली घाट' म्हणत. १९८७ मध्ये तिचे नाव 'आप्रवासी घाट' झाले आणि २००६ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

मी ठरवून टाकले, पासपोर्ट काढायचा. आईने विचारले, "तिकीट कोण काढणार?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. बाबा डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त एका कंपनीत हेल्पर आहेत. मुंबईहून मॉरिशसला जाण्यायेण्याचे तिकीट म्हणजे त्यांचे तीन महिन्यांचे पगार. फॉर्मचे पंधराशे रुपये हीच आमच्या घरी मोठी रक्कम होती. पण बाबा जेवता जेवता म्हणाले, "काढू दे. कागद असलेला बरा असतो." कागदाविषयी बाबांचे हे मत पुष्कळ अनुभवातून आले आहे.

खरे तर भारतीय माणसाला मॉरिशसला जाणे नियमांच्या दृष्टीने सोपे आहे. आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचे तिकीट, राहण्याची सोय कुठे आहे त्याचा कागद, राहण्याच्या दिवसांपुरते पैसे आणि एक ऑनलाईन फॉर्म, एवढ्यावर विमानतळावर साठ दिवसांपर्यंत शिक्का मिळतो. तिथे नोकरी मात्र करता येत नाही. मला हे वाचून गंमत वाटली. आजीच्या पणज्याच्या भावाचे सगळे उलटे होते. त्याला काम केल्याशिवाय राहता येत नव्हते, आणि परतीचे तिकीट हा त्याचा प्रश्न नव्हता.

माझी अडचण समुद्रापलीकडे नव्हतीच. ती कोळसेवाडीतल्या आमच्या खोलीतच होती. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत फॉर्म भरायला बसले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्या दोन कागदांवर वडिलांची दोन नावं आहेत." दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'बाळू' आहे आणि आधारकार्डावर 'बाळकृष्ण'. मी आजवर हे पाहिले नव्हते असे नाही. पण हे दोन वेगळे माणूस ठरतील असे कधी मनात आले नव्हते.

घरी येऊन विचारले तर बाबा काही बोलले नाहीत. आजी बोलली. बारशाला नाव बाळकृष्णच ठेवले होते. पण शाळेत घालायला बाबांना त्यांचे चुलते घेऊन गेले, गुरुजींनी नाव विचारले, आणि चुलत्यांनी घरात हाक मारत ते नाव सांगितले. गुरुजींनी बाळू लिहिले. जन्मतारीख चुलत्यांना ठाऊक नव्हती, म्हणून गुरुजींनी १ जून टाकली. (आमच्या चाळीत बाबांच्या वयाचे पाच जण आहेत, पाचांचाही वाढदिवस १ जूनला!) सातवीनंतर शाळा सुटली. दाखल्यावर बाळू, कंपनीच्या हजेरीपटावर बाळू, मला शाळेत घातले तेव्हा माझ्या नावापुढे बाळू. मग आधारकार्डे काढायला लोक आले. टेबलापलीकडच्या मुलाने विचारले, "काका, नाव काय?" आयुष्यात पहिल्यांदा नाव खुद्द बाबांना विचारले होते. ते म्हणाले, बाळकृष्ण. आणि स्वतःबरोबर त्यांनी आम्हां सगळ्यांचे नाव तसे लावून घेतले.

आता यातले एक पुसायला हवे होते. गुणपत्रिका बदलणे म्हणजे शाळा, बोर्ड, महिनोन् महिने हेलपाटे. आधार बदलणे सोपे. गुणपत्रिका दाखवली की काम होते. मी दोन दिवस हा विषय काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच काढला. "बाळू करून टाक," ते म्हणाले. "मला कंपनीत बाळूच म्हणतात." मी म्हटले, "बाबा, बोर्डाकडे अर्ज करून बघू." तर म्हणाले, "तुझं वर्ष त्यात घालवू नको." मी आधार केंद्रावर जाऊन माझे नाव बदलून आले. परत येताना पुलावर मला स्वतःचा राग आला. तो का, हे तेव्हा नीट सांगता आले नसते.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे. बाबांनी खाडा केला आणि माझ्याबरोबर आले. मुलीने एकटीने जावे असे ते अवघड ठिकाण मुळीच नाही. त्यांना पाहायचे होते. स्टेशनाहून बसने गेलो. आत फक्त अर्जदाराला सोडतात, म्हणून ते बाहेर थांबले. आत एक टोकन मिळते. तो क्रमांक फलकावर लागला की अ, मग ब, मग क अशा खिडक्यांवर जायचे. पहिल्या खिडकीवर फोटो आणि बोटांचे ठसे. कॅमेऱ्याकडे पाहताना मला उगाचच तो अनोळखी माणूस आठवला. त्यानेही असेच कुणाकडे तरी पाहिले असेल, त्याचाही असा क्रमांक असेल. समोरच्या गोऱ्या कारकुनाने त्याच्या तोंडून ऐकलेले नाव कसे लिहिले असेल? तिथल्या मराठी घराण्यांची आडनावे फ्रेंच-इंग्रजी वळणाने अशी लिहिली गेली आहेत म्हणतात की आपल्याला ओळखू येऊ नयेत. त्याचेही काहीतरी 'बाळू' झाले असणार. मग आजीच्या माहेरचे नाव घेऊन मी त्या दप्तरांत काय शोधणार होते?

बाहेर आले तेव्हा बाबा रसवंतीच्या बाकावर बसले होते. माझ्यासाठी रसाचा ग्लास त्यांनी सांगून ठेवला होता. थोड्या वेळाने म्हणाले, "माझा पण निघेल काय?"

मला वाटले थट्टा करतात. पण त्यांनी आजूबाजूच्या लोकांना सगळे विचारून ठेवले होते. जन्मतारखेला कोणता कागद चालतो, हे त्यांना ठाऊक झाले होते. एक गोष्ट मात्र त्यांना कोणी सांगितली नव्हती आणि ती मला सांगावी लागली. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ई.सी.आर.' असे छापलेले असते. आखाती देश, मलेशिया अशा अठरा देशांत नोकरीला जायचे असेल तर अशा माणसाला आधी सरकारची परवानगी लागते. फसवणूक होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि नुसते फिरायला जाणाऱ्याला तिची आडकाठी नाही. ही परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात. १९८३ च्या कायद्यातले हे पद आहे. पण गिरमिटियांच्या काळच्या कायद्यांतही अगदी याच नावाचा अधिकारी होता. शंभर-दीडशे वर्षांत जहाजाचे विमान झाले, अधिकाऱ्याचे नाव तेच राहिले. मी हे बाबांना सांगितले ते जरा घाईघाईने, कारण मला 'दहावी न झालेल्या' हे शब्द लवकर मागे टाकायचे होते.

बाबांनी ऐकून घेतले. "म्हणजे मी सातवी हे त्याच्यावर दिसणार," ते म्हणाले. मी गप्प. "दिसू दे. सातवी तर सातवी."

माझी पोलीस चौकशी आठवड्यात झाली आणि पासपोर्ट पोस्टाने घरी आला. आईने तो कुंकवाचे बोट लावून देवापुढे ठेवला, आणि शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे असतात ती तिने मला मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशातून पाहिले आणि पुन्हा दाढी करू लागले.

आजीला मी आणखी एक बातमी सांगितली. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या. तेव्हा जाहीर झाले की तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत भारताचे ओ.सी.आय. कार्ड मिळू शकेल. ते मिळाले की इकडे यायला व्हिसा लागत नाही. त्यासाठी आपला पूर्वज इथूनच गेला हे दाखवावे लागते. म्हणजे घाटावर लिहून घेतलेल्या त्याच नोंदी आता त्यांच्या उपयोगी पडणार. आजीने पिढ्या बोटांवर मोजल्या. मध्येच चुकली, पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "मंजे त्याची पोरं आता येऊ शकतील?"

"येऊ शकतील, आजी."

"त्यांना आपलं घर कुटं हाय ता कसं कळणार?"

याचे उत्तर मला देता आले नाही. नाव नसताना गाव तरी त्या दप्तरात बरोबर लिहिले असेल का, हा माझाही प्रश्न आहे. तृतीय वर्षाचा प्रकल्प याच विषयावर करावा असे सर म्हणतात. मोकाच्या संस्थेला पत्र लिहून सुरुवात करता येईल. आजीच्या माहेरची आडनावे, वाडीची नावे, देवाचे नाव असे जे जे तिला आठवते ते मी एका वहीत उतरवते आहे. ती रोज थोडे सांगते आणि दुसऱ्या दिवशी थोडे बदलते.

बाबांचा पासपोर्ट फेब्रुवारीत आला. पोस्टमन ओळखीचा. त्याने पाकिटावरचे नाव वाचले आणि दारात उभा राहून विचारले, "बाळकृष्ण कोण?" बाबा रात्रपाळी करून झोपले होते. ते उठून बाहेर आले, म्हणाले, "मीच," आणि सही केली. आता आमच्या ट्रंकेत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पासपोर्ट आहेत. माझ्यात माझ्या वडिलांचे नाव बाळू आहे. त्यांच्यात ते बाळकृष्ण आहेत, आणि जन्म १ जूनचा.