आधी पाठ बघ

नगरला चितळे रोडजवळच्या एका बोळात फ्रेमवाल्या काकांचं दुकान होतं. काच कापायचा हिरा, लाकडी पट्ट्या, खळीचा वास आणि भिंतीला ओळीनं टेकवलेले साईबाबा. १९८८ च्या उन्हाळ्यात वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा आई घरातलं लक्ष्मीचं चित्र चादरीत गुंडाळून काकांकडे निघाली. मागे मी. हे चित्र ‘खरं रविवर्म्याचं’ आहे, असं आमच्याकडे आजीपासून सांगत आलेले. दवाखान्याचं बिल त्यातून निघेल, असा आईचा हिशेब.

काकांनी चित्र समोरून धड पाहिलंही नाही. उलटं करून टेबलावर ठेवलं, मागचा पुठ्ठा सोडवला, गंजलेल्या चुका निरखल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. लक्ष्मीच्या गालावर बारीक ठिपकेच ठिपके.

“वहिनी, हा कागद आहे. छापील. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथून अशा लक्ष्म्या घरोघर पोचल्या.” मग साडीवरच्या जरीवर बोट ठेवून म्हणाले, “ही मात्र हातानं टाकलेली. सासूबाईंची ना? विकू नका. पोराला सुट्टीत माझ्याकडे पाठवा.”

दिवसाला पाच रुपये मिळत. चार उन्हाळे माझी फी त्यातून भागली. त्या दुकानात एका माणसालाही दिवसभर पुरेल एवढं काम नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं.

चित्र आलं की काका म्हणत, “आधी पाठ बघ.” कॅनव्हासचा रंग, चौकटीचं लाकूड, वाळवीची रेघ, जुन्या दुकानाची चिठ्ठी. एकदा ते मला पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात घेऊन गेले. बालगंधर्वांची दोन तैलचित्रं, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. काढणारे गोपाळ देऊसकर जन्मानं नगरचे, याचा काकांना केवढा अभिमान! परतीच्या एसटीत मात्र हळहळत होते, “पाठ काही बघता आली नाही.”

पुढे मी मुंबईत एका लिलावगृहात कॅटलॉगच्या कामाला लागलो. चित्र मोजायचं, त्याची प्रकृती लिहायची, ते कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी जुळवायची. साखळी बहुधा पाठीवरच सापडे. पहिल्या पगाराचं पाकीट काकांपुढे ठेवलं, तर त्यांनी त्यातून बावीस रुपये मोजून घेतले. “अठ्ठ्याऐंशी सालची काच. तुमच्या लक्ष्मीची बदलली होती.” बाकीचं पाकीट परत.

१९ डिसेंबर २०१३ ला ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीजचा भारतातला पहिला लिलाव झाला. वासुदेव गायतोंड्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांवर गेलं. रात्री मी काकांना फोन केला.

“चित्रकाराला किती मिळाले?”

गायतोंडे २००१ मध्येच गेले होते. आणि असते तरी? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ मध्ये चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना जास्तीत जास्त दहा टक्के वाटा आहे. माझ्या हातून असा एकही चेक गेला नाही. हे सांगितलं तर काका म्हणाले, “मग कांद्यासारखंच की!”

अगदी तसंच नाही. आमच्याकडे चित्राला राखीव किंमत असते. ती गुप्त ठेवतात. बोली तिथवर पोचली नाही तर चित्र मालकाकडे परत. नगरजवळच्या नेप्तीच्या कांदा मार्केटात शेतकरीही नको म्हणू शकतो, पण गोण्या परत न्यायचं भाडं कोण देणार? तेव्हा पुकारा होईल तो भाव. हा फरक मी काकांना सांगितला नाही. त्यांच्या भावाचं कांद्याचं रान होतं.

२०१९ मध्ये काका गेले. मी पोचलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाख १५ हजारांना घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पेपरात सगळीकडे मुठीचे फोटो. मी मोबाइलवर फोटो मोठा करत करत पात्याची पाठ शोधली. मुठीजवळ सोन्यात, देवनागरीत नाव होतं.