एका वळणावरचं माथेरान

माथेरानला सुट्टीवर आलेला माणूस सामान टेकवायच्या आधीच विचारतो, "पॉइंट किती आहेत?" घोडेवाला नावं घडाघडा म्हणून दाखवतो आणि मग पॅनोरमा, इको, लुईझा अशी दिवसभर पळापळ चालते. मी जलरंगात निसर्गचित्रं करतो. माझं म्हणणं असं, की हे गाव बघायचं तर एक वळण धरून बसावं. गावच समोरून जातं.

कारण इथे मोटार नाही. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे तांबडी माती आणि कडेने नेरळच्या छोट्या गाडीचे 1907 साली सुरू झालेले रूळ. सिलिंडर, बटाट्याची पोती, हॉटेलच्या गाद्या, सगळं घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर डोक्यावरून येतं. अलीकडे ई-रिक्षा आल्या. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या फुप्फुसांना त्यामुळे विसावा मिळत असेल, तर चित्राला एक विषय कमी झाला म्हणून हळहळू नये.

जांभळीखालचा तांबडा रस्ता मला पुन्हा पुन्हा खेचतो. उन्हातली माती सोपी: लाइट रेड, त्यात थोडा यलो ऑकर, भरपूर पाणी. खरी परीक्षा सावलीची. तिच्यात काळा घातला की रस्ता मेलाच. मी पहिला वॉश पूर्ण वाळू देतो, मग अल्ट्रामरीनमध्ये तोच लाइट रेड मिसळून सावली एका दमात ओढतो आणि हात काढून घेतो. पुन्हा ब्रश फिरवला तर खालची माती उठते, रंग गढूळ होतो. मधल्या काळात पानांतले कवडसे हातभर सरकलेले असतात. म्हणून सावलीची कड आधीच पेन्सिलीने धरून ठेवायची. कागद वाळेपर्यंत करण्यासारखं काहीच नसतं, आणि नेमकं त्याच वेळात गाव दिसतं: घोड्याचा तंग आवळणारा मुलगा, चढावर डोक्यावरचा भार सावरत थांबलेली बाई.

क्लोद मोनेने 1892 आणि 1893 साली फ्रान्समधल्या रूआं शहरात मुक्काम केला आणि तिथल्या कॅथीड्रलची दर्शनी बाजू तीसहून अधिक वेळा रंगवली. भिंत तीच, प्रहर वेगळा. सुट्टीत परदेशी शहर पाहायला जाणाऱ्या ओळखीच्यांनाही मी हेच सांगतो: एक चौक निवडा, सकाळी बघा, संध्याकाळी पुन्हा तिथेच या.

पॉइंटांची नावं बहुतेक साहेबी. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे चढून आला, तेव्हापासूनची ही रीत. पण याच गावात एका नाभिक घरात भाई कोतवाल जन्मले, वकील झाले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर इंग्रजांशी लढताना हुतात्मा झाले. बाजारपेठेचं स्केच करताना मला कलेक्टरापेक्षा त्यांची आठवण येते.

खालापूरच्या बाजूला इरशाळगडाचा सुळका आहे. चित्रकाराला हवाहवासा आकार. 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून तो उतार नुसत्या निळ्या वॉशमध्ये उडवून लावणं मला जमत नाही; तिथे वस्ती होती, हे कागदावर कुठेतरी उमटलं पाहिजे असं वाटतं, आणि ते कसं उमटवायचं याची खटपट अजून चालू आहे.