पिनकोड सांगा, पिशवी ओळखतो!

शहर एकच, यादीही एकच... पण तुमच्या ट्रॉलीत काय पडणार, हे तुम्ही द्वारकेला राहता की गंगापूर रोडला यावर ठरतं!

"येताना पेस्तोची एक बाटली आण ना, प्लीज!"

शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. ती राहते गंगापूर रोडला, मी द्वारकेजवळ काठे गल्लीत. पास्ता पार्टी तिच्याकडे आणि सामान सगळ्यांनी वाटून आणायचं, असा आमचा साधा फंडा. मी खाली उतरले, नेहमीच्या किराणा दुकानात गेले आणि बिनधास्त पेस्तो मागितला. शेठनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "पेस्ट? कोलगेट देऊ?"

मैत्रिणीला फोन केला, तर ती खो-खो हसत म्हणाली, "अगं, आमच्या कोपऱ्यावर तीन प्रकारचा मिळतो!" मग तूच घे ना बाई, असं म्हणून मी फोन ठेवला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. तिचं घर आणि माझं घर यांत जेमतेम पाच-सहा किलोमीटर. शहर तेच, महापालिका तीच, पगारही साधारण सारखेच. मग तिच्या कोपऱ्यावर जे मिळतं ते माझ्या कोपऱ्यावर का नाही?

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, द्वारका म्हणजे आमच्या शहराची गाठ. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो. सारडा सर्कलकडे वळलात की जुनं नाशिक, कन्नमवार पूल ओलांडलात की पंचवटी. डोक्यावर २०१३ साली सुरू झालेला उड्डाणपूल आणि खाली रिक्षा, सिटीलिंकच्या बस, ट्रक आणि हॉर्न! इथून कुठेही जाता येतं. गंमत अशी की, साध्या खरेदीलाही इथून 'कुठेतरी' जावंच लागतं.

एक यादी, चार पत्ते

मग ठरवलं, एकच यादी घेऊन चार ठिकाणी जायचं. यादीत दहा वस्तू : पोहे, शेंगदाणे, बाजरी, गूळ, लाल मिरच्या, नागलीचं पीठ, ब्राऊन ब्रेड, ओट्स, ऑलिव्ह ऑइल आणि अर्थातच पेस्तो.

पहिला पत्ता आमची गल्ली. पोहे, शेंगदाणे, बाजरी, गूळ, मिरच्या झटपट मिळाल्या. ओट्स होते, पण लहान पाकिटातले. ब्रेड फक्त पांढरा. ऑलिव्ह ऑइल मागितलं, तर बाळाच्या मालिशचा छोटा डबा पुढे आला! नागलीचं पीठ नव्हतं, पण शेठ म्हणाले, "नागली देतो ना ताई, चक्की पलीकडेच आहे." पैसे सुटे नव्हते, तर म्हणाले, "उद्या द्या." आता बोला, ही सर्व्हिस कुठल्या मॉलमध्ये मिळते?

दुसरा पत्ता जुनं नाशिक, रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत. इथे ब्राऊन ब्रेड-बिड विसरा. पण मिरची मागितली की समोरून प्रश्न येतो, "कोणती? ब्याडगी, लवंगी, शंकेश्वरी की काश्मिरी?" पोहे पातळ, जाड आणि दगडी. गूळ बोटाने चाखून घ्यायचा. रमजानमध्ये दूध बाजाराकडे गेलात, तर खजूर आणि शेवयांची रेलचेल असते. चॉइस म्हणजे काय, हे इथल्या दुकानदाराला आपण शिकवायला नको!

तिसरा पत्ता गंगापूर रोड. एसी, मंद गाणी, चकचकीत फरशी. ऑलिव्ह ऑइलच्या पाच बाटल्या ओळीने उभ्या, आणि हो, पेस्तोसुद्धा. नागली मात्र दिसेना. मग लक्षात आलं, इथे तिचं नाव 'रागी' आहे! २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरी शेल्फवर तिचा भाव वधारला. आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरात पिकणारी नागली नाव बदलून, छान पाकिटात बसून इथे येते. लाल मिरची मात्र एकाच प्रकारची, पाकीटबंद.

चौथा पत्ता, शहराच्या कडेला असलेलं मोठं डिस्काउंट दुकान. शेंगदाणे सगळ्यात स्वस्त इथेच. पण खरी मजा मोठ्या पॅकमध्ये आणि 'दोन घ्या'च्या ऑफरमध्ये. मी गेले रिक्षाने आणि दोन जड पिशव्या घेऊन परत आले, तीही रिक्षानेच. बिलावर वाचलेले पैसे रिक्षावाल्याच्या खिशात गेले. हिशेब बरोब्बर शून्य!

दुकान येतं कुठे?

हा सगळा योगायोग नाही बरं का. अमेरिकेत विल्यम रायली यांनी १९३१ साली 'किरकोळ व्यापाराच्या गुरुत्वाकर्षणा'चा नियम मांडला. मोठं शहर ग्राहकांना जास्त ओढतं आणि अंतर वाढलं की ही ओढ झपाट्याने कमी होते. पुढे १९६०च्या दशकात डेव्हिड हफ यांनी तेच गणित दुकानांना लावलं. दुकान जितकं मोठं तितकी ओढ जास्त, पोचायला लागणारा वेळ जितका जास्त तितकी ओढ कमी. लक्षात घ्या, मोजायचा तो वेळ. नकाशावर दोन बोटांचं अंतर असलं, तरी द्वारकेच्या सिग्नलला अडकलेल्या माणसासाठी ते दुकान लांबच!

त्यात जागेचं अर्थकारण. २००२ साली पवईत पहिलं दुकान उघडणाऱ्या डीमार्टचं धोरण पाहा. भाड्याने जागा घेण्यापेक्षा शक्यतो स्वतःची जागा घ्यायची. भाड्याचा खर्च वाचला की माल स्वस्त विकणं परवडतं. पण एवढी मोठी जागा, वर पार्किंग, जुन्या वस्तीच्या मध्यावर मिळणार कुठून? आणि छोटं पॉश सुपरमार्केट पेस्तो ठेवणार तिथेच, जिथे तो महिन्याभरात खपेल. थोडक्यात, एमआरपी पाकिटावर छापलेली असते, सवलत मात्र पत्त्यावर!

ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट सरकारी टेबलावर गेला. तिथल्या स्पर्धा आयोगाने २००८च्या अहवालात शिफारस केली, की मोठ्या दुकानाला परवानगी देण्याआधी त्या भागात एकाच कंपनीचं राज्य तर होत नाही ना, ते तपासा. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर किराणा दुकान आहे, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. तो मला घरातच सापडला.

आजीचा हायवे

माझी आजी ७६ वर्षांची. गल्लीतलं दुकान तिला कधीच पुरलं नाही. तिचा खरा बाजार महामार्गापलीकडे, जुन्या नाशकात. आणि बुधवारी गंगेवरचा बाजार. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) वर्षानुवर्षं ती पिशवी घेऊन चालत द्वारका ओलांडत आली. पूल झाला, पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्गही बांधला गेला, पण बरेच लोक वरूनच जीव मुठीत धरून पळत राहिले. आजीही त्यातलीच. "खाली उतरायचं, परत चढायचं, माझे गुडघे तुझे बाबा देणार का?" हा तिचा सवाल.

गेल्या वर्षी एका बाइकचं हँडल तिच्या पिशवीला घासलं. आजीला काही झालं नाही, पण टोमॅटो रस्ताभर झाले. त्या दिवसापासून बाबांनी तिचं एकटीने जाणं बंद केलं. आणि मी, घरातली हुशार पोरगी, तिच्यासाठी दहा मिनिटांत सामान आणणारं अॅप घेऊन आले.

अॅप उघडलं की पहिला प्रश्न, तुमचं लोकेशन? सहज म्हणून मी नकाशावरची खूण गंगापूर रोडला सरकवली. यादी बदलली! म्हणजे इथेही पत्ता पाठ सोडत नाही. तरी चॉइस केवढा! मी उत्साहाने आजीला एकेक वस्तू दाखवत सुटले. मेथी आली. आजीने जुडी उलटसुलट करून पाहिली.

"कोणी निवडली गं ही?"

"कोणी तरी असेल गोडाऊनमध्ये."

"आणि बाजारात कोण कोण होतं?"

मला काही बोलता आलं नाही. मी शेल्फवरच्या बाटल्या मोजत होते. आजीचा चॉइस म्हणजे चार जुड्या नाकारून पाचवी घेणं, भाव पाडणं, ओळखीच्या बाईशी दहा मिनिटं बोलणं आणि स्वतःच्या पायांनी घरी येणं. तो बाजार अजून तिथेच आहे. हरवला आहे तो मधला रस्ता.

आता बुधवारी मी सकाळचं काम दुपारवर ढकलते. रिक्षा करतो आणि दोघी गंगेवर जातो. आजी पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. भाड्यासकट ही मेथी अॅपपेक्षा महाग पडते, हे मला माहीत आहे. आजीला ते सांगायचं नाही, एवढंच!

तुमच्यापैकी बरेच जण सध्या फ्लॅट बघत असतील. पार्किंग, जिम, क्लब हाऊस सगळं बघा. जवळ कुठलं सुपरमार्केट आहे, तेही विचारा. पण बिल्डरच्या माणसाला आणखी एक प्रश्न टाका : "माझी आई इथून चालत जाऊन, एकही हायवे न ओलांडता, स्वतःच्या हाताने निवडून कोथिंबीर आणू शकेल का?"

उत्तर 'हो' आलं, तर पेस्तो नसला तरी चालेल. तो मैत्रीण आणेल!