पावती नसलेली मागणी

गरीब माणूस मत विकतो आणि मग पाच वर्षं रडत बसतो, असं मी एके काळी लिहीत असे. अमरावती-अकोल्याच्या सभांमधून बोलतही असे. वऱ्हाडातल्या मजुरांच्या प्रश्नांवर काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या काळात ज्या चुका केल्या, त्यांचं मूळ या एका वाक्यात होतं. लोकांना राजकारणाचं काही पडलेलं नाही असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मतदानाच्या दिवशी सकाळी सातला केंद्रावर उभ्या असलेल्या रांगेत मजूरच जास्त दिसत. मत ते न चुकता देत होते. त्या मताचं पुढे काय होतं, हे मी नीट पाहिलं नव्हतं.

अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं एक गाव. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी असं, की त्यात डाळ शिजत नाही. तिथं १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याचा आणि घरकुलांच्या यादीचा विषय होता. मी आदल्या दिवशी वस्तीत फिरून सगळ्यांना यायला सांगितलं. सभा सकाळी अकराला होती. ग्रामपंचायतीसमोर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे आले नाहीत, म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. ती भरली तेव्हा ज्यांची शेती दुसऱ्यांच्या हातांनी पिकते, ते निवांत येऊन बसले. घरकुलाची यादी वाचून मंजूर झाली. कुडाच्या घरात राहणाऱ्या एका विधवा बाईचं नाव अपात्रांत गेलं, आणि हरकत घ्यायला ती तिथं नव्हती.

मी तिच्या घरी गेलो तो तिला चार शब्द सुनवायलाच. एवढं सांगूनही आल्या कशा नाहीत, असं विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, निंदनाचे दिवस हायेत. सभेले आली असती त त्या दिवसाची मजुरी कोन देल्ली असती? अन् एक दिवस खाडा केला का मुकादम दुसऱ्या दिवशी बलावत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावातली सगळी पिकं, सगळे हंगाम मला ठाऊक होते. तरीही निंदणाच्या ऐन दिवसांत, सकाळी अकरा वाजता, बाया वावरात असतील हे मला सुचलं नव्हतं. सभेची वेळ बदलून घ्यायचं मी मनातही आणलं नाही. उलट त्यांना उदासीन ठरवून आलो होतो. त्या बाईचं घर पुढे कित्येक पावसाळे तसंच गळत राहिलं.

दुसरी चूक मेळघाटातली. तिथली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीसाठी खाली उतरतात आणि होळीला परततात. त्यांना गावातच काम मिळावं, हा आमचा आग्रह होता. रोजगार हमी तर महाराष्ट्राचीच कल्पना. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून ती आली, १९७२ च्या दुष्काळात तिनं लोकांना जगवलं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं तर मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, असा हक्कच दिला. आम्ही मोर्चा काढला, घोषणा दिल्या, तालुक्याच्या एका कार्यालयात निवेदन दिलं. त्याची पानं अंगठ्यांच्या ठशांनी भरली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी समाधानी होतो.

दिवाळी झाली, काम निघालं नाही. मी भत्त्याचा दावा घेऊन पुन्हा त्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं नोंदवही माझ्यापुढे सरकवली. गावाच्या नावापुढे मागणी शून्य होती. त्यानं शांतपणे विचारलं, नमुना चार भरले होते का? तारखेच्या पावत्या आहेत का? आमच्या निवेदनाचं काय झालं विचारलं, तर ते वरिष्ठांकडे पाठवलंय, एवढंच त्याच्याकडून उत्तर मिळालं. नमुना चार, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, मला माहीत होता. एकेका मजुराचं नाव, जॉबकार्डाचा क्रमांक आणि किती दिवस काम हवं ते लिहायचं, आणि तारीख घातलेली पोच हातात घ्यायची. हे मला कारकुनी काम वाटलं होतं. मोर्चा म्हणजे राजकारण, फॉर्म म्हणजे किरकोळ गोष्ट, अशी माझी समजूत. कायद्याच्या लेखी त्या गावानं काम मागितलंच नव्हतं, आणि याला सरकारी यंत्रणा नव्हे, मी जबाबदार होतो.

त्या वर्षी गाव नेहमीपेक्षा लवकर रिकामं झालं. भांडी, गाठोडी, कोंबड्या आणि मुलं एकाच ट्रकमध्ये चढली. शाळेत चांगली रमलेली एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून आईबापांबरोबर गेली. होळीला ती परतली, पण शाळेत पुन्हा गेली नाही.

नंतर मी प्रत्येक सरकारी वाट मजुराच्या खिशातून मोजायला लागलो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि त्याआधी तालुक्याची पायरी चढलेली असावी लागते. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गाडीभाडं, बुडालेली मजुरी, आणि तरीही पुन्हा या असं सांगितलं जाण्याची धास्ती. तेच काम बागायतदार किंवा ठेकेदार घरबसल्या एका फोनवर करतो. निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं, तर विधानसभेच्या एका उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. मेळघाट मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, तरी रोजंदारीवर जगणाऱ्या कोरकू माणसाला ही रक्कम स्वप्नातही दिसत नाही. मत सगळ्यांचं सारखं असतं. मताखेरीज लागणारा वेळ, पैसा, ओळख आणि कागद सारखे नसतात. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. मी तो भाषणांत कितीदा तरी सांगितला होता. नोंदवहीतलं ते शून्य पाहिल्यावर तो मला कळला.

तिसरी चूक कबूल करायला सगळ्यात जड जाते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, कार्यालयाची भाषा मराठी. म्हणून बैठकीत मीच बोलायचो. हळूहळू अधिकारी परस्पर मलाच फोन करू लागले, पुढारी मलाच विचारू लागले, आणि कशावर अडून बसायचं, कशावर मिटवायचं हे मी ठरवू लागलो. लोक मागच्या बाकावर बसून असायचे. एकदा मी आजारपणात दीर्घकाळ घरी होतो. तेव्हा गावाची सगळी प्रकरणं जिथल्या तिथे थांबली, कारण कोणता कागद कुठे दिलाय हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गरिबांचा प्रभाव वाढवायला निघालेल्या मी स्वतःचाच प्रभाव वाढवून ठेवला होता.

वेगळं काही होऊ शकत होतं, हे मला आसपासच दिसलं. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. तिथं जंगलाचे निर्णय ग्रामसभा घेते, आणि गावानं सीताफळाच्या विक्रीतून स्वतःची कमाई उभी केली. अकोल्यात दलित आणि छोट्या ओबीसी जाती एकत्र आल्या, त्यांनी आपले उमेदवार उभे केले आणि जिल्हा परिषदेची सत्ता घेतली. त्यालाच अकोला पॅटर्न म्हणतात. त्या राजकारणावर टीका करण्यासारखं बरंच असेल, पण तिथं माणसं दुसऱ्याच्या तोंडून बोलत नव्हती.

शेवटच्या वर्षांत आम्ही बैठका रात्री जेवणं झाल्यावर घेऊ लागलो. फॉर्म गावातली शिकलेली पोरं भरायची आणि पावत्या ज्याच्या त्याच्या घरी राहायच्या. काम सावकाश चालायचं, पण माझ्यावाचून अडायचं नाही.

ग्रामसभेची वेळ गावातच ठरते. तुमच्या गावात ती अजून सकाळी अकरालाच भरत असेल, तर ती रात्री घ्यायला लावा. तहकूब झाली तर पुढच्या सभेला वस्तीतल्या मजूर बायांबरोबर जा, आणि तिथं बोलायचं त्यांच्यावर सोपवा.