पाणी गेलेली विळी

मराठीच्या तासाला सर एका लेखकाच्या 'धारदार' शैलीविषयी बोलत होते. वर्गातल्या साऱ्यांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला. माझे लक्ष मात्र उडाले. 'धार' हा शब्द कानी पडला की मला शैली आठवत नाही. आठवतो तो आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात घुमणारा लांबलचक पुकारा, "धाऽऽर लावायची काऽऽय! विळी, सुरी, कात्री, कोयताऽऽ!"

पुकारा करणारा घाटावरचा शिकलगार. सारा कोळीवाडा त्याला चाचा म्हणे. गणपती तोंडावर आले की तो येई, आणि दुसरी खेप शिमग्याच्या आगेमागे. सायकल स्टँडवर उभी करायची, मागचे चाक अधांतरी ठेवायचे आणि पायडल मारायचे, की पट्ट्याने जोडलेले धारेचे छोटे चाक भरारा फिरू लागे. आम्हां पोरांचा सारा जीव ठिणग्यांत. आईचा जीव मात्र विळीत. कारण ती बाजारात मासळी विकते, आणि गिऱ्हाईक हल्ली नुसती मासळी घेत नाही, कापून मागते.

चाचा विळी हातात घेऊन लगेच चाकाला लावत नसे. पाते उजेडात धरी, अंगठ्याच्या नखावर कड टेकवून पाही आणि विचारी, "मावशी, यंदा जास्त काय कापतेस?" सुरमईचा काटा तोडायचा तर धारेमागे थोडे जाड अंग ठेवावे लागते, नाहीतर कड दुमडते. बोंबील साफ करायचे तर पाते पातळ हवे, नाहीतर त्या मऊ मासळीचा चिखल होतो. आईचे उत्तर ऐकून तो पाते चाकावर कमीजास्त तिरके धरी. दोनचार वेळा फिरवले की डबड्यातल्या पाण्यात बुडवी, पुन्हा फिरवी. घाई अशी नाहीच.

शिकलगार हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. हत्यारे घासून लखलखीत करणारा तो शिकलगार. इथल्या किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार होते, तेव्हा त्याच्या तलवारींनाही असले हात लागले असतील. १८७८ च्या हत्यार कायद्याने तलवार बाळगायला परवाना लागू लागला, आणि तलवारीवर जगणारा हा कसबी हळूहळू विळीकात्रीच्या दारात आला. पूर्वी ही माणसे लाखेत कुरुंदाची पूड मिसळून आपले चाक आपणच ओतीत. पुढे चाके कारखान्यात होऊ लागली. असा एक कारखाना १९४१ साली आमच्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या मोऱ्याला निघाला. तोच पुढचा ग्राइंडवेल नॉर्टन. चाचाचे चाक मोऱ्याचे होते की नाही, हे मी त्याला कधी विचारले नाही. पण ते माझ्या मनाने मोऱ्याचेच ठरवून टाकले आहे.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो.

कॉलेजात गेल्यावर माणसाला घरातल्या गोष्टी जुनाट दिसू लागतात. मला चाचा तसा दिसू लागला. दारोदार फिरणारा, ना पाटी, ना पावती! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आईची विळी गंजून, बोथट होऊन पडली होती. पहिल्या होड्या निघायच्या आत धार हवी, आणि चाचा येणार गणपतीत. मी म्हटले, "मी मुंबईहून लावून आणतो. तिथे विजेवर, शास्त्रशुद्ध लावतात." आई एवढेच म्हणाली, "नीट सांग त्यांना." पाते पाटावरून सोडवले, गोणपाटात गुंडाळले आणि बोट धरून मुंबईला गेलो.

एका दुकानात पाते दिले. काउंटरवरच्या माणसाने नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. तासाभराने पाते परत मिळाले. ते असे चकाकत होते की मला माझाच अभिमान वाटला. कडेला बोटभर लांबीचा एक निळसर पट्टा होता. तो मला शोभेचाच वाटला.

सिझनच्या पहिल्या आठवड्यात आईने त्या विळीवर चार दिवस मासळी कापली. पाचव्या दिवशी धार गेली. बोथट विळी धारदार विळीपेक्षा वाईट, कारण मग माणूस जोर लावतो. सुरमईचा काटा तोडताना मासा निसटला आणि आईचा तळहात पात्यावर आला. तीन टाके पडले. ओल्या मिठाच्या कामाला दहा दिवस हात लावता आला नाही. वर्षातले बऱ्या कमाईचे ते दिवस शेजारच्या टोपलीने पाहिले. आई मला एका शब्दानेही बोलली नाही, हे मला अधिक लागले.

गणपतीच्या आधी चाचा आला. त्याने पाते पाहिले, निळ्या पट्ट्यावर कानस ओढली. पोलाद कडक असेल तर कानस घसरते. इथे ती सरळ चावली. तो हळूच म्हणाला, "मावशी, ह्याचं पाणी गेलं."

पोलाद तापत गेले की त्यावर आधी गवतासारखा पिवळा, मग जांभळा आणि मग निळा रंग चढतो. निळा दिसला म्हणजे उष्णता तीनशे अंश सेल्सिअसच्या घरात गेली आणि लोहाराने दिलेले पाणी उतरले. विजेचे चाक मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. त्यावर कोरडे पाते दाबून धरले की हे घडायला काही क्षण पुरतात. नरम झालेला भाग घासून काढावा, तर पातेच उरले नसते. "आधी लोहाराकडे ने, मग मी धार लावतो," चाचा म्हणाला. त्याने त्या दिवशी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत.

मी चौलच्या लोहाराकडे गेलो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ते पाते मुळात त्यानेच घडवले होते. त्याने ते पिकल्या रातांब्यासारखे लाल केले, पाण्यात विझवले, मग मंद आचेवर धरून थोडी कडकी उतरवली. परतीच्या फेरीत चाचाने धार लावली. ती विळी आजही आईपुढे आहे.

तुम्ही म्हणाल, म्हणजे दारावरचा तेवढा चांगला आणि दुकानदार वाईट? तसे नाही. सावकाश फिरणाऱ्या ओल्या दगडावर काम करणारा दुकानदार चाचापेक्षाही सरस धार लावील, आणि दारावर येणाऱ्यांतही पाते निम्मे खाऊन टाकणारे मी पाहिले आहेत. फरक मला दुसरा दिसतो. चाचाला शिमग्याला पुन्हा त्याच दारात यायचे होते. त्याच्याकडे पावती नव्हती, कारण आईच त्याची पावती होती. दुकानात मला कोणी विचारले नाही, की ही विळी काय कापते.

पण हेही खरे, की मीही सांगितले नाही. आई म्हणाली होती, नीट सांग. चिठ्ठी घेऊन बाकावर बसलो तो तासभर मी मोबाइल पाहत होतो.

सर, त्या दिवशी वर्गात माझे लक्ष नव्हते, याबद्दल क्षमा असावी. मी त्या वेळी आईच्या तळहातावरचे तीन टाके मोजत होतो.