कॅम्प एक

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कल्याणपर्यंत मी उभाच असतो. आत चौघांच्या गुडघ्यांवर पुठ्ठा टेकवलेला, त्यावर डाव चाललेला. मला दिसतो तो पुठ्ठ्याचा एक कोपरा आणि पान आपटणारा कुणाचा तरी हात. कल्याणला डबा सैल होतो, मी आत सरकतो. विठ्ठलवाडी गेली की साईं चपला शोधायला लागतो. त्याचं खरं नाव वेगळं, पण ग्रुपमधला एकुलता एक सिंधी म्हणून तो साईं. उल्हासनगर आलं की उरलेली पानं माझ्या हातात कोंबतो, एक वाक्य बोलतो आणि उतरतो. मला त्या एका वाक्यावर पुढचा डाव ओढायचा असतो.

खेळ मेंढीकोट. समोरासमोर भिडू, प्रत्येकी तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन पकडल्या की डाव आपला, चारही पकडल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. आम्ही कट हुकूम खेळतो, म्हणजे ज्याच्याकडे मागितलेला रंग नाही त्याने टाकलेलं पहिलं पान ज्या रंगाचं, तो हुकूम. पैसे नाहीत. हिशेब काड्यांवर, कारण ग्रुपमधल्या अंबरनाथच्या काकांचे वडील विमकोत, म्हणजे तिथल्या काडेपेटीच्या कारखान्यात होते आणि काकांच्या मते अंबरनाथच्या माणसाने हिशेबाला काड्यांऐवजी दुसरं काही वापरणं म्हणजे अपमान. महिन्याअखेरीस ज्यांच्या काड्या कमी, ते वडापाव देतात.

पानं मोजायला मला साईंनेच शिकवलं. नवशिका पडलेली पानं मोजत बसतो, म्हणून सातव्या हाताला त्याचं डोकं भरून जातं. मोजायची ती न पडलेली. रंगाची पानं तेरा. चार माझ्याकडे, म्हणजे बाहेर नऊ. पहिल्या फेरीत तिघांनीही रंग दिला, सहा उरली. दुसऱ्या फेरीत एकाने रंग सोडला, चार उरली. डोक्यात फक्त हा उतरता आकडा ठेवायचा. सुरुवातीला हुकमाचा तेवढा धरायचा आणि मेंढ्या. बाकीचे रंग सहा महिन्यांनी आपोआप येतात, गाडीच्या आवाजावरून स्टेशन ओळखू यावं तसे.

सांगायची भाषाही त्याचीच. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं, १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, पण गावाची विभागणी अजून छावणीचीच आहे. रिक्षावाल्याला आजही कॅम्प नंबर सांगावा लागतो, एक ते पाच. साईंने बाहेर उरलेल्या हुकमांना तेच नंबर दिले. कॅम्प तीन म्हणजे दुसऱ्यांच्या हातात मिळून तीन हुकूम. पाचाच्या वर असतील तर तो गप्पच उतरतो. तेव्हा सांगण्यासारखं काही नसतंच. हे तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. पडलेलं पान सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याचा हिशेब सांगणं ही लबाडी नाही. कान खाजवून भिडूकडे दश्शी मागणं, ही लबाडी. त्यावरून आमच्यात एकदा आठवडाभर अबोला झाला होता.

तर एका गुरुवारी साईंने मला चार पानं दिली. इस्पिकची नव्वी, चौकटचा एक्का, चौकटची तिर्री आणि किल्वरची पंजी. हुकूम इस्पिक. आमच्या दोन मेंढ्या, त्यांची एक. उतारी माझी. "कॅम्प एक. चौकट दश्शी अजून फिरतेय," एवढं म्हणून तो गेला.

आता पुढची खेळी शाळकरी पोरालाही सुचावी. बाहेर एकच हुकूम आहे. आधी नव्वी टाकायची, तो एक हुकूम खेचून काढायचा, मग एक्का निर्धास्त. मी नव्वी उचललीसुद्धा. आणि मनात आलं, खरंच एकच आहे? साईं दिवसभर दुकानांच्या उधाऱ्या गोळा करून थकलेला, कल्याणच्या आधी डुलकी घेत होता की काय? दोन असले तर माझी नव्वी फुकट जाईल आणि एक हुकूम मागे उरेलच. मी स्वतः तर काहीच पाहिलेलं नव्हतं. नव्वी परत ठेवली आणि चौकटचा एक्का टाकला.

डावीकडच्याने इस्पिकची दुर्री मारली. माझ्या भिडूने, काकांनी, चौकट दिली. उजवीकडच्याकडे चौकटचं एकच पान होतं, दश्शी. ती त्याने अशी ठेवली की पुठ्ठा हलला. मेंढ्या दोन-दोन, हात त्यांचे आठ. हुकूम खरोखर एकच होता; नव्वीखाली दुर्री गेली असती आणि एक्क्यावर दश्शी आपसूक पडली असती. काकांनी अंबरनाथला उतरताना माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी साईं एवढंच म्हणाला, "बोला था ना, कॅम्प एक!"

त्यानंतर ग्रुपमध्ये नियम झाला: पानं घेतली की आकडाही घ्यायचा. पटो न पटो, त्यावरच खेळायचं.

अमेरिकेतल्या ब्लॅकजॅकच्या टोळ्यांबद्दल मी वाचलं ते या नियमानंतर, त्यामुळे ते सगळं मला ओळखीचं वाटलं. पानं मोजून कॅसिनोला हरवता येतं हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली 'बीट द डीलर' या पुस्तकात दाखवलं. पुढे रूढ झालेली रीत अगदी सोपी आहे. दुर्री ते छक्की पडली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का पडला की उणे एक. बेरीज वर चढली याचा अर्थ बारकी पानं संपली आणि भारी पानं मागे उरली. भारी पानं खेळाडूच्या कामाची, कारण एक्का आणि दहाचं पान जुळून आलं तर त्याला दीडपट मिळतात. डीलरला मात्र सोळावर थांबता येत नाही, पान ओढावंच लागतं आणि भारी पान आलं की तो एकवीसच्या पलीकडे फुटतो. आलेल्या बेरजेला पत्त्यांच्या उरलेल्या जोडांच्या संख्येने भागायचं, की खरा अंदाज मिळतो. एवढं करूनही फायदा शेकड्यामागे रुपया-दीड रुपया. मी घरी करून पाहिलं. बावन्न पानं उलटून बेरीज शून्यावर यायला हवी. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये ते जमायला मला तीन आठवडे लागले. सिनेमावाले दाखवतात तशी त्याला अफाट बुद्धी वगैरे लागत नाही.

एकट्याची अडचण वेगळीच असते. तो तासभर बारीक लावतो आणि बेरीज चढली की एकदम मोठी रक्कम ठेवतो. हे मागे उभ्या असलेल्या मॅनेजरला दिसतंच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अल फ्रान्सेस्को नावाच्या जुगाऱ्याने हे काम वाटून टाकलं. चार-सहा टेबलांवर त्याची माणसं मोजत बसायची, कायम सारखंच बारीक लावायची, कुणाच्या डोळ्यावर न येणारी. टेबल तापलं की ती खूण करायची. मग सैलसर टाय घातलेला एक श्रीमंत इसम डुलत यायचा आणि सरळ मोठी रक्कम ठेवायचा. आल्या आल्या त्याला आकडा कळवायचा, तोही साध्याशा शब्दात किंवा हातवाऱ्यात लपवून. पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजचा उपाध्यक्ष केन ऊस्टन १९७४ साली या टोळीत आला आणि पुढे त्याने स्वतःच्या टोळ्या उभ्या केल्या. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हीच पद्धत कंपनी काढावी इतकी शिस्तीत चालवली. २००८ चा '२१' हा सिनेमा त्यांच्यावरचा.

मला कौतुक वाटतं ते त्या डुलत येणाऱ्याचं. त्याने एकही पान पाहिलेलं नाही. टेबलावरच्या एका पोराने दिलेल्या आकड्यावर तो सगळ्यांच्या सामायिक गल्ल्यातली रक्कम लावतो. चेहरा दारुड्याचा ठेवून. मला वडापावच्या डावातसुद्धा ते जमलं नव्हतं.

एकदा सहकुटुंब गोव्याला गेलो असताना मांडवीतल्या एका बोटीवर जाऊन आलो. टेबलावरचा जुगार जमिनीवर नको आणि नदीत चालेल, ही सोय गोव्याने १९९६ च्या कायदादुरुस्तीत करून घेतली. (आपल्याकडची तऱ्हा निराळी. महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, हुकमाच्या एक्क्यासारखा हातात धरून ठेवला, कधी खेळलाच नाही आणि २०२३ साली रद्द केला.) मी टेबलामागे अर्धा तास उभा राहून मोजत होतो. मग लक्षात आलं, डीलर पडलेली पानं बाजूला ठेवतच नव्हता. प्रत्येक हातानंतर ती शेजारच्या यंत्रात परत जात होती आणि यंत्र सतत पिसत होतं. तिथे मागे काही उरतच नाही, मोजणार काय? बायको म्हणाली, "पंख्याखाली उभं राहायचं असेल तर घरी चला."

पानं लक्षात ठेवणं हे कसब आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच मान्य केलंय. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीच्या खटल्यात सांगितलं की पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, म्हणून हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. ऊस्टनही अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोविरुद्ध भांडला आणि १९८२ साली न्यू जर्सीच्या न्यायालयाने निकाल दिला की मोजतो एवढ्यावरून माणसाला कॅसिनो बाहेर काढू शकत नाही. साईंला हे दोन्ही सांगितलं. त्याने विचारलं, जिंकलेले पैसे परत मिळाले का?

साईं आता निवृत्त झालाय, उल्हासनगरला कुणी पानं देत नाही. ग्रुपमध्ये एक नवा मुलगा आहे, बदलापूरचाच, कानात कायम इअरफोन. परवा मला साडूकडे जायचं म्हणून अंबरनाथला उतरायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पानं देण्याची पाळी माझी. त्याच्या हातात पाच पानं ठेवली आणि म्हटलं, "कॅम्प दोन."

"काका, माझे तीन येतायत," तो म्हणाला. इअरफोन घालून उभ्या उभ्या त्याने मोजले होते.

गाडी थांबली होती, बोलायला वेळ नव्हता. पुलाच्या पायऱ्या चढताना मी डाव पहिल्यापासून आठवला. किल्वरच्या दुसऱ्या फेरीत काकांनी बदाम टाकलं होतं आणि ते मी किल्वर धरलं होतं. तीनच होते. गर्दीतून बाजूला होऊन त्याला मेसेज केला: तीन.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "माहितीये काका. दोन धरूनच खेळलो. कोट बसला."