नाणी तोलणारा गणिती

दहावीचा निकाल लागला की गोव्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. नव्वद टक्के पडले, म्हणजे सायन्स. साठ पडले, तर आर्ट्स. मुलाला काय आवडते, हे विचारायला कुणाला सवड नसते. जणू विज्ञान हुशारांसाठी आणि कला उरलेल्यांसाठी!

अशा वेळी मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती. जनुकशास्त्रासाठी त्यांनी १९४४ साली मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण हेच कोसंबी प्राचीन आहत नाणी तराजूत तोलत बसत. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. मग साठ्यातल्या नाण्यांची सरासरी घट आणि वजनांतली तफावत पाहिली, तर कोणती नाणी अधिक काळ चलनात होती याचा अंदाज येतो. हा तर्क पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. पोथ्यांनी न सांगितलेला इतिहास त्यांनी असा संख्याशास्त्राकडून वदवून घेतला. आणि १९४८ साली याच गणित्याने शेकडो हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. घरात वडील पालीचे पंडित. तिथे शास्त्र आणि साहित्य यांत भिंत कुठून असणार?

ही भिंत पाडायची भाषा २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. पण ती आपल्या मनात आहे त्याचे काय? माझ्या भाचीने अकरावीला प्रवेश मिळताच चित्रांची वही माळ्यावर टाकली. 'आता सायन्स आहे ना, मामा!' म्हणाली. तिला तसे कुणी सांगितले नव्हते. आम्हा मोठ्यांच्या बोलण्यातून तिने ते उचलले होते.

कोसंबी असामान्य होते, असे कुणी म्हणेल. कबूल. मग आपल्या चवथीच्या माटोळीकडे पाहा. कोणती वेल रानात कुठे सापडते, कोणते फळ भाद्रपदात धरते, कोणते विषारी, हे बांधणाऱ्याला ठाऊक असावे लागते. मग गणपतीच्या डोक्यावर ती फळे रंगसंगती साधून, तोल सांभाळून बांधायची. हे वनस्पतिशास्त्र की कला? आमच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. मुलांना तो पडावा, अशी शाळा आपण का चालवतो?